डब्यावरचा आंबा

मुफत्तिश जासिम यांनी डबा डोळ्यांसमोर धरला, हळूच फिरवला आणि मला विचारलं, "हा ग्लास कुणाचा?"

मी डब्याकडे पाहिलं. डब्यावरच्या चित्रात एक पांढरी बशी होती. बशीत मांसाचे काप, बाजूला हिरवा पाला, आणि मागे उंच दांडीचा काचेचा ग्लास. ग्लासात काहीतरी लाल होतं. तोवर तो ग्लास मला दिसलाच नव्हता. नमुन्याचा डबा आला होता तो कोरा, त्याला चित्रच नव्हतं. मी कागद वाचले होते. कागदांत ग्लास नव्हता.

"सरबत आहे," मी म्हणालो.

"कसलं?"

"कोकमाचं."

आम्ही कोकणातली माणसं अडचणीत आलो की पहिलं कोकमच आठवतं. जासिमसाहेबांना कोकम माहीत नव्हतं, म्हणून मी ते नीट समजावलं. लाल असतं, आंबट असतं, पित्तावर उतारा, आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघर पितात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं की हा माल कुठून आला. मी म्हणालो, ब्राझीलहून. ब्राझीलमध्ये कोकम होतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, चौकशी करावी लागेल.

ही बहारीनची गोष्ट. तिथल्या एका कंपनीत मी आयातीचे कागद बघत असे. आमच्या मालकांना सगळे अरबाब म्हणत. तांदूळ, डाळी, रत्नागिरीहून येणारा डब्यातला आंब्याचा रस, हा आमचा नेहमीचा माल. पण अरबाबांच्या साडूनं गोठवलेल्या कोंबड्या आणून नाव कमावलं, तेव्हापासून अरबाबांना स्वस्थ झोप नव्हती. त्यांनी ब्राझीलहून डब्यातलं गोमांस मागवलं. असा माल देशात यायचा तर जनावर हलाल पद्धतीनं कापल्याचा दाखला लागतो. आमच्याकडे तो होता, तिथल्या इस्लामी केंद्राच्या शिक्क्यासकट. जनावर हलाल, सुरी हलाल, कापणारा नमाजी. चित्रातला ग्लास तेवढा हराम निघाला.

मुफत्तिश म्हणजे तपासनीस. जासिमसाहेब बंदरावरचे मुफत्तिश होते. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि सांगितलं की हा माल दुकानात जाणार नाही. मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. शेवटी त्यांनाच कंटाळा आला. ते म्हणाले, ग्लास झाका. प्रत्येक डब्यावरचा झाका. शाई लावू नका, पुसली जाते.

अरबाबांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. आधी त्यांनी मलाच विचारलं की गोमांसाबरोबर शराब पितं तरी कोण. मग शांतपणे सांगितलं, की माल परत गेला तर ते खाण्याच्या वस्तूंचं खातंच बंद करतील, आणि लतीफ होडेकर, म्हणजे मी, आणि मगदूम यांना एकाच विमानात बसवतील.

मगदूम म्हणजे आमचा कोठारवाला. सांगलीकडचा जैन. कांदासुद्धा न खाणारा. त्याच्या आडनावामुळे सगळे अरब त्याला मुसलमान समजत आणि दर शुक्रवारी विचारत की मशिदीत दिसला नाहीस. तो म्हणे, मी दुसरीकडे जातो. ते खोटं नव्हतं. तो खोलीतल्या तीर्थंकरांच्या फोटोपुढे बसायचा. गोमांस येणार म्हटल्यावर तो नोकरी सोडेल असं मला वाटलं होतं. त्यानं दोन दिवस विचार केला आणि माझ्याशी करार केला.

"डबा बंद आहे तोवर माझा," तो म्हणाला. "उघडला की तुझा."

त्या दिवशी घरी गेलो तर रुकय्या खुर्च्यांवर कपडे वाळत घालत होती. दाराशी तिची ट्रंक उभी होती, काथ्याच्या दोरीनं करकचून बांधलेली. ती तशी उभी राहून बरेच दिवस झाले होते.

रुकय्या माझी बायको. लग्नानंतर कित्येक वर्षं ती दाभोळजवळ आमच्या गावात आणि मी बहारीनला. शेवटी अरबाबांनी तिला आणायची परवानगी मिळवून दिली. ती आली, खोली पाहिली, खिडकी उघडली. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीचं थंड हवेचं यंत्र होतं, आणि ते सगळी गरम हवा आमच्याकडे सोडत होतं. तिनं विचारलं, इथे संध्याकाळी माणसं कुठे बसतात. मी पलंगाकडे बोट केलं. आठवड्याभरात तिनं ट्रंक भरली. ईद झाली की मला पाठवा, म्हणाली. मी हो म्हटलं होतं. कपडे वाळवायला दोरी आणतो असंही म्हटलं होतं, तर म्हणाली, कशाला, जाणारच आहे.

मी तिला ग्लासाची हकिगत सांगितली. कोकमाचं सांगितलं तेव्हा ती हसली. बहारीनला आल्यापासून पहिल्यांदाच. मग मी अरबाबांचं विमानाचं बोलणं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही पण येणार?"

"नोकरीच गेली तर इथे राहून काय करणार?"

तिनं एक ओली पैरण उचलून दुसऱ्या खुर्चीवर टाकली. मला वाटलं, बरंच झालं असं तिला वाटत असेल. तिला हवं होतं ते सगळं एका ग्लासानं मिळत होतं, वर नवरा फुकट.

दुसऱ्या दिवशी मगदूमनं तोडगा काढला. आंब्याच्या रसाच्या डब्यांसाठी रत्नागिरीहून चिकटवायची चित्रं आली होती. एक पिवळाधमक हापूस, देठाला दोन पानं. त्यातली खोकंभर उरली होती. मगदूमनं एक चित्र ग्लासावर ठेवून पाहिलं. बरोबर बसलं. त्यानं कामगारांना ओळीनं बसवलं आणि स्वतः डबे पुढे सरकवत राहिला. संध्याकाळपर्यंत ग्लास संपले. बशीतल्या मांसामागे आता आंबा उगवला होता, डोंगरामागे सूर्य उगवावा तसा.

"शोभा आली की गा," मगदूम म्हणाला.

मलाही तसंच वाटलं. आंबा कशाबरोबर शोभत नाही असं कोकणातल्या माणसाला कधी वाटतच नाही. तिथेच आमची चूक झाली.

जासिमसाहेब कोठारात आले. डबा डोळ्यांसमोर धरला, हळूच फिरवला आणि विचारलं, "आत आंबा आहे?"

मी म्हणालो, नाही.

"मग बाहेर का आहे?"

त्यांनी नियम समजावला. डब्यावर जे दाखवलं ते एक तर आत असलं पाहिजे, नाहीतर त्याबरोबर खायची चाल तरी असली पाहिजे. ग्लास दाखवला तर गिऱ्हाईक शराब पिईल. आंबा दाखवला तर गिऱ्हाईक डब्यात आंबा शोधेल, मिळाला नाही तर दुकानदाराशी भांडेल, आणि दुकानदार जासिमकडे येईल. मी म्हणालो, आमच्याकडे चाल आहे. हे मी कोकमाच्याच सुरात म्हणालो असणार, कारण त्यांनी माझ्याकडे त्याच नजरेनं पाहिलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "उद्या दुपारच्या नमाजानंतर येतो. शिजवून दाखवा. शिजवणाऱ्या माणसालाच आणा. मला त्यालाच विचारायचं आहे."

ते गेल्यावर मगदूम म्हणाला, "वहिनी करतील?"

मला खात्री नव्हती. रुकय्यानं डब्यातलं मांस कधी शिजवलं नव्हतं. नमुन्याचा कोरा डबा मी घरी नेला होता तेव्हा तिनं तो हातात घेऊन त्याची बारकी चावी पाहिली आणि म्हणाली, ह्या लोकांनी गुराला कुलूप लावून पाठवलंय. मग तो डबा कपाटावर ठेवून दिला. तिचा एक नियम होता. ज्याचा कसाई ओळखीचा नाही ते मटण तिच्या चुलीवर चढत नसे. गावात आमचा कसाई कासम, त्याचा बाप कसाई, त्याच्या सुनेच्या बाळंतपणात रुकय्या स्वतः हजर होती. बहारीनला आल्यापासून तिनं मासळीच केली होती.

मी घरी जाऊन तिला सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. डिश जमली तर माल सुटेल, नोकरी राहील. जमली नाही तर आपण दोघं घरी. 

तिनं विचारलं, "कापणारा कोण?"

मी दाखला काढला. कापणाऱ्यांची नावं खाली छापलेली होती. मी वाचून दाखवली.

"सुलेमान. अहमद. दुसरा सुलेमान."

"ह्यातला कुठला?"

"ते लिहिलेलं नाही."

"बायकामुलं आहेत त्यांना?"

मी म्हणालो, असणारच. नमाजी आहेत, कामाला आहेत, म्हणजे कुणीतरी मुलगी दिली असेल. तिनं दाखला हातात घेतला. मग म्हणाली की ब्राझीलला एवढ्या लांब राहून कामं करतात तर त्यांच्या बायकांना तरी तिथे करमतं का. मी म्हणालो, त्या ब्राझीलच्याच असतील. हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ती पुन्हा हसली.

"आंबा आणा," ती म्हणाली.

तेव्हा थंडीचे दिवस. मी आणि मगदूम अख्खा बाजार फिरलो. सफरचंदं होती, डाळिंबं होती, खजुराचे डोंगर होते. आंबा नव्हता. एका मलबारी दुकानदारानं आमच्याच कंपनीचा रसाचा डबा पुढे केला. तो मी आणला. रुकय्यानं चमचाभर चाखला आणि म्हणाली, ह्यात शिजवलं तर तुमचा साहेब मला तुरुंगात टाकील.

मी खुर्चीवर बसलो. खुर्ची ओली होती.

ती उठून दाराशी गेली, खाली बसली आणि ट्रंकेची दोरी सोडायला लागली. गाठ तिनंच मारलेली, तिलाच सुटेना. शेवटी दातांनी सोडली. साड्या, सासूबाईंनी दिलेली चादर, सगळं बाहेर काढलं आणि तळाशी हात घालून एक कापडाची पुरचुंडी काढली. आंबोशी. कैरीच्या फोडी मीठ लावून उन्हात वाळवलेल्या. गावाहून येताना वर्षभराची आणलेली आणि परत न्यायला पुन्हा बांधलेली.

"हा आंबाच ना?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, चित्रातला पिवळा आहे.

"हाही झाला असता. पिवळा व्हायच्या आधीच पकडला."

दुसऱ्या दिवशी कोठारात तांदळाच्या पोत्यांवर फळी टाकून आम्ही टेबल केलं. रुकय्या पातेलं मांडीवर घेऊन अरबाबांच्या गाडीतून आली. अरबाब स्वतः आले आणि कोपऱ्यात जपमाळ ओढत उभे राहिले. मगदूमनं दारं उघडी टाकली आणि वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला, कारण डबा आता उघडलेला होता आणि कराराप्रमाणे माझा होता.

जासिमसाहेब आले. रुकय्यानं झाकण काढलं. लाल रस्सा, वर खोबऱ्याच्या वाटणाचं तेल सुटलेलं, आणि आंबोशीच्या फोडी फुगून वर आलेल्या. साहेबांनी एक फोड चमच्यात घेऊन डब्यावरच्या हापूसशेजारी धरली. बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं. मग खाल्ली. मग रोटीचा तुकडा मोडला.

खाता खाता त्यांनी मला अरबीत विचारलं, तुमच्याकडे हे आंब्याबरोबर खातात का, हे हिला विचार. मी विचारलं.

रुकय्या म्हणाली, "आमच्याकडे माणसं आंब्याबरोबर काहीही खातात. बायको घरात नसली तर नुसताच आंबा खातात."

मी साहेबांना अरबीत सांगितलं की ही म्हणते, फार जुनी चाल आहे, पूर्वजांपासूनची.

जासिमसाहेबांनी रोटी खाली ठेवली आणि हिंदीत म्हणाले, "पुराना-बिराना उसने कुछ नहीं बोला."

कोपऱ्यातली जपमाळ थांबली. साहेबांचे वडील मोत्यांचे व्यापारी होते आणि मुंबईला येऊन-जाऊन असत, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. जासिमसाहेबांचं अर्धं लहानपण भेंडी बाजारात गेलं होतं. त्यांना हिंदी येत होतं, आणि मराठीतला 'नुसता आंबा' कळण्याइतकं मराठीही येत होतं. ते माझ्याकडे पाठ करून तिच्याकडे वळले.

"पहले कभी ऐसा पकाया था?"

आता हिनं हो म्हणावं. एवढंच. मी मनात दुआ करत होतो. किंवा नाही म्हणावं, आणि उद्या आम्ही विमानात बसावं, तिच्या मनासारखं.

"नहीं," रुकय्या म्हणाली. "कल तक ये डब्बा खोला भी नहीं था."

अरबाबांनी डोळे मिटले.

"तो रिवाज कैसा हुआ?" साहेबांनी विचारलं.

"आजसे हुआ," ती म्हणाली. "अब घर में यही पकाऊँगी. दो जन रोज खाएँगे तो रिवाज नहीं होगा तो क्या होगा?"

साहेब विचारात पडले. नियमात चाल किती जुनी हवी हे लिहिलेलं नव्हतं. त्यांनी आणखी रस्सा वाढून घेतला, बहुधा नीट विचार करता यावा म्हणून. मग त्यांना वाटलं, आणखी एक साक्षीदार हवा. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दाराकडे बोट केलं.

"मगदूम. इकडे ये. तू खा आणि सांग."

मगदूमचा चेहरा पिठासारखा झाला. त्याला पुढे येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. साहेबांनी स्वतःच्या हातानं घास केला, वर आंबोशीची फोड ठेवली आणि त्याच्यापुढे धरला. अरब माणसानं हातानं दिलेला घास नाकारणं म्हणजे घराला लाथ मारणं. मगदूम माझ्याकडे पाहत होता. मी पातेल्याकडे पाहत होतो.

"उसका रोजा है," रुकय्या म्हणाली.

साहेबांचा हात थांबला. "आज? मंगळवारी?"

"पूछो उसको. सुबह से पानी पर है."

ते खरं होतं. त्या दिवशी अष्टमी होती, मगदूमचा उपास होता, आणि सकाळी त्यानंच तिला सांगितलं होतं की वहिनी, आज मला चहासुद्धा विचारू नका. मगदूमनं छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, हो साहेब, आज उपास आहे. दर महिन्याला असतो.

जासिमसाहेबांनी तो घास स्वतः खाल्ला, आणि खाताना मगदूमकडे अशा आदरानं पाहिलं की मला त्याचा हेवा वाटला. रमजान नसताना, कुणी सांगितलेलं नसताना, नोकरीच्या जागी उपाशी उभा राहणारा माणूस त्यांनी फार दिवसांत पाहिला नव्हता. ते अरबाबांना म्हणाले, ज्या कोठारात असा माणूस आहे तिथल्या मालाची मी काय तपासणी करणार. मग खिशातून शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि माल सोडला. उरलेलं पातेलं मात्र घरी घेऊन गेले. पातेलं कधी परत आलं नाही.

ते गेल्यावर मगदूम पोत्यावर बसला आणि रुकय्याला म्हणाला, "वहिनी, तुमच्यामुळे माझा धर्म राहिला."

"ह्यांची नोकरी राहिली ते बघा," ती माझ्याकडे हात करून म्हणाली. "नाहीतर घरी येऊन कोकम विकत बसले असते."

डबे खपले. काही गिऱ्हाइकांनी आत आंबा नाही म्हणून तक्रार केलीच. पुढच्या खेपेला ब्राझीलवाल्यांनी ग्लास काढून आंबाच छापला, पण तिकडचा, लाल गालांचा. रुकय्याला तो आवडला नाही. ती म्हणाली, ह्यानं रंग लावलाय.

पण ते पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आलो तर ट्रंक दाराशी नव्हती. पलंगाखाली सरकवलेली होती. खुर्च्या रिकाम्या होत्या, कोरड्या होत्या. रुकय्या खोलीत नव्हती. मी गच्चीवर गेलो. तिथे पाण्याच्या टाकीपासून दुसऱ्या टोकाच्या खांबापर्यंत ट्रंकेची ती काथ्याची दोरी ताणून बांधलेली होती, आणि तिच्यावर आमचे कपडे वाळत होते. माझ्या पैरणी, तिच्या साड्या, सासूबाईंची चादर. शेजारच्या गच्चीवरची एक बाई तिच्याशी बोलत होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण बोलणं चाललं होतं.

मी विचारलं, "ईदला जायचं आहे ना?"

"संध्याकाळी बसायला इथे बरं आहे," ती म्हणाली. "तुम्ही आधी का नाही सांगितलंत, वर गच्ची आहे म्हणून?"

मी त्याआधी कधी वर गेलोच नव्हतो.

त्या दोरीवर आमचे कपडे कित्येक वर्षं वाळले. मुलांच्या लंगोट्या तिच्यावरच वाळल्या. आम्ही परत आलो तेव्हा दोरी तिथेच राहिली. रुकय्या सोडवत होती, गाठ सुटली नाही, आणि दात तोवर राहिले नव्हते.

रुकय्या गेली त्याला आता वर्ष होत आलं. ही गोष्ट ती असती तर तिनंच सांगितली असती, आणि कोकमापाशी जास्त वेळ थांबली असती. यंदा आमच्याकडे आंबा चांगला आला आहे. मगदूम सांगलीहून दर रविवारी फोन करतो. दर वेळी विचारतो, लतीफ, जेवलास का. मी हो म्हणतो. काय जेवलास, विचारतो.

मी म्हणतो, आंबा.

आणखी काय, असं तो विचारत नाही.